पिवळा इशारा, केशरी कार्ड

येत्या आठवड्यात सास्तूर आणि पंचक्रोशीत काय होणार, हे सांगायला आम्हांला उपग्रह लागत नाही. मे महिना आहे. सकाळी नवालाच ऊन चटके देईल, दुपारी पारा चाळिशी ओलांडेल, चारच्या सुमारास माकणी धरणाच्या अंगाला आभाळ काळं होईल, वारं सुटेल, कुणाचे तरी पत्रे उडतील, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडेल आणि लाईट जाईल. यातलं शेवटचं भाकीत आजवर एकदाही चुकलेलं नाही.

हवामान खातं मात्र असं सरळ बोलत नाही, ते रंगांत बोलतं. रंगांचं आम्हांला नवल नाही. रेशन कार्डामुळे सगळा जिल्हा रंगांत साक्षर आहे. पिवळ्यावर धान्य मिळतं, केशरीवर मिळालं तर मिळतं, पांढऱ्यावर नुसती इभ्रत मिळते. त्यामुळे ‘पिवळा इशारा’ म्हटल्यावर तात्यांनी टपरीवर विचारलंच, “ह्याच्यावर काय मिळायलंय?”

“काही नाही तात्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवायचं, केशरी म्हणजे तयार ऱ्हायचं, लाल आला की कृती करायची.”

“कुणी?”

“आपणच की.”

“मग सरकार काय करायलंय?”

“रंग द्यायलंय.”

शिवाय उष्णतेच्या लाटेलाही पात्रता लागते. मैदानी मुलखात पारा निदान 40 अंश हवा, आणि वर तो त्या जागेच्या सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त हवा. नाहीतर सरळ 45 गाठावे लागतात. आमच्याकडची मे महिन्याची सरासरी मुळातच चढी. तेव्हा 42 अंशांत जो होरपळला, तो लाटेविना होरपळला. दारिद्र्यरेषेच्या यादीत जसं थोडक्यात नाव हुकतं, तसाच हा प्रकार. कागदोपत्री त्याला घामसुद्धा आलेला नाही.

हे तापमान मोजतात कसं, तेही बघण्यासारखं आहे. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर टांगलेला असतो. डोक्यावर छप्पर, चारी बाजूंनी खेळती हवा, अंगाला ऊन म्हणून लागू द्यायचं नाही. उन्हाळ्याच्या सगळ्या सरकारी सूचना तंतोतंत पाळणारा हा राज्यातला एकमेव कर्मचारी. दुपारी 12 ते 3 तो चुकूनही बाहेर पडत नाही. आणि तो आत बसून जो आकडा सांगतो, तो रोजगार हमीच्या कामावर मातीची पाटी उचलणाऱ्या बाईलाही लागू होतो.

सूचना पत्रकात खिडक्यांना ओले पडदे लावा, असं लिहिलेलं असतं. नळाला पाणी येईल त्या दिवशी लावू. पंखा, कूलर वापरा, असंही असतं. त्याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात दिलं आहे.

राहता राहिलं ‘घरातच थांबा’. सास्तूरला हे सांगणाऱ्याला जरा इतिहास ठाऊक हवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं घरातच थांबली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदावरची पांढरी माती अंगावर आली. तीच भिंत, तीच माती मे महिन्यात घर गार ठेवायची, हे बोलायची आता चोरी. मग आली पत्र्याची शेडं, मग स्लॅबची घरं. भूकंपाला ही घरं पुरून उरतील. उन्हाला मात्र स्लॅब फार प्रामाणिक. दिवसभर घेतलेलं सगळं ऊन रात्री अकरापर्यंत व्याजासकट परत करतो. त्या वर्षी लोक भीतीपायी उघड्यावर झोपले, आता उकाड्यापायी झोपतात. गाव बदललं, घर बदललं, बाज तेवढी बाहेरच राहिली.

बाज बाहेर टाकली की विजा सुरू होतात. विजांची खबर देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय, आणि ते खरोखर कामाचं आहे. टिंगल करण्यासारखं त्यात काही सापडलं नाही, हे नाइलाजानं कबूल. अडचण पुढची. झाडाखाली थांबू नका, मोकळ्या रानात थांबू नका, पत्र्याच्या आडोशाला थांबू नका. आमच्या शेतात या तीन जागा सोडल्या तर चौथी म्हणजे विहीर.

तरी वीज परवडली. वीज पडून माणूस गेला, तर पंचनामा होऊन वारसाला 4 लाख तरी मिळतात. उन्हानं गेलेला आधी ‘संशयित’ असतो. जन्मभर ज्याच्यावर कुणी संशय घेतला नाही, तो मेल्यावर समितीपुढे संशयित म्हणून उभा. तो उन्हानंच मेला, आधीच्या दुखण्यानं नाही, हे ठरेपर्यंत पाऊस पडून पेरण्या उरकतात.

या सगळ्यावर कळस म्हणजे लग्नसराई. सरकार म्हणतं बाराला घरात बसा. पत्रिका म्हणते शुभमुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटं. त्यात पुढारी येईस्तोवर मंगलाष्टका थांबणार, आल्यावर तो वधूवरांना आशीर्वाद म्हणून मतदारसंघाचा विकास सांगणार, आणि वऱ्हाड अक्षता मुठीत धरून मांडवाबाहेर भाजत राहणार. लाल इशारा असला तरी आहेर चुकवता येत नाही. खातं काही उद्या आपल्या दारच्या कार्याला येणार नाही, भावकी येणार आहे.

गुरुवारी तात्यांच्या मेव्हण्याकडे असंच एक लग्न आहे. जायचं ठरलंय. ऊन लागू नये म्हणून त्यांनी एक मोठा कांदा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय, खिशात घालायला.

“तात्या, कांद्यानं खरंच ऊन बाधत नाही का?”

“ते काय माहीत नाही बाबा,” तात्या म्हणाले, “पण बाजारात तर त्याला कुणी विचारंना झालंय. खिशात तरी ऱ्हाऊ दे.”