बोअरवाल्याची वही

मराठवाड्यात मार्च लागला की बोअरवाल्याचा शर्ट जास्तच पांढरा दिसू लागतो. मशीनच्या भुकटीने सगळं शिवार राखाडी होतं, पण हा वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, तिच्यावरची पोरं छत्तीसगडची, डिझेल उधारीचं. याचं स्वतःचं असं काय, तर बगलेतली वही.

त्या वहीत खरं तर जमिनीची जन्मपत्रिका हवी. माती किती, मुरूम किती, काळा पाषाण कुठं लागला, मांजऱ्या खडक आला का, पाणी पहिल्यांदा कितीवर दिसलं. दख्खनचा बेसाल्ट थरावर थर असा पसरलाय आणि पाणी बहुधा त्या थरांच्या सांध्यात नाहीतर भेगांत असतं. गावातल्या शंभर बोअरच्या अशा नोंदी असत्या, तर एकशेएकावा शेतकरी तळहातावर नारळ धरणाऱ्या पाणाड्याच्या मागे फिरला नसता. पण वहीत रकाने चारच: फूट, केसिंग, ॲडव्हान्स, बाकी. खडकाला रकाना नाही, कारण खडकाचं बिल होत नाही.

तरीही वही बरंच बोलते. शेजारच्या विहिरीत १५ फुटांवर उघडा पाषाण दिसतो, वहीत केसिंग ६० फूट. ‘मालक, आत ढासळतंय.’ केसिंगचा दर अर्थातच वेगळा. ३०० फुटांपुढे खोदाईचा दर चढतो, म्हणून २८० वर थांबलेला बोअर वहीत शोधून सापडत नाही. नेमकी तिथंच ओल लागते. ‘मालक, आता माघार नको. दोन रॉड अजून.’

रॉड २० फुटी. मालकाची आई बांधावर बसून दर रॉडला एक खडा बाजूला टाकते. तिचे खडे २८ भरतात, म्हणजे ५६० फूट. वहीत ६२०.

‘मावशी, तुम्ही चहा ठेवायला गेलता, तेव्हा तीन गेले.’

‘चहा सुनेनं ठेवला,’ मावशी म्हणतात. बोअरवाला तेवढ्यात पोरांवर ओरडायला निघून जातो.

पाणी इंचात लिहायचं. भुकटीचा चिखल झाला की अर्धा इंच, कॉम्प्रेसरने फवारा उडाला की अडीच. तो अडीच इंच मोटर टाकल्यावर किती दिवस टिकेल, हे वही विचारत नाही. पाणी लागलं तर नोंदीपुढे गाडीचा नंबर येतो, फेल गेला तर पाणाड्याचं नाव.

आता कायदा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला मनाई करतो. ६० मीटर म्हणजे १९७ फूटही पुरते नाहीत. बोअरवाल्याला हा हिशेब तोंडपाठ आहे. कोणी विचारायला आलंच, तर वही गाडीत राहते आणि खिशातून एक चिठ्ठी निघते: खोली १९५ फूट. बोअर तोच. मावशींचा ५६०, वहीतला ६२०, चिठ्ठीतला १९५.

केसिंग मात्र चिठ्ठीतसुद्धा ६०. तिथं तो तडजोड करत नाही.