४.२ लिटर कोथिंबीरवडी

ज्या यंत्रात तेल ओतायचं नाही, पाणी ओतायचं नाही, दूध, ताक, आमटी यांपैकी काहीच ओतायचं नाही, त्या यंत्राचं माप लिटरमध्ये का देतात, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगावं. एअर फ्रायर घ्यायला निघालेल्या नवी मुंबईकराला पहिला प्रश्न हाच येतो. दुकानातला पोरगा विचारतो, लिफ्टमध्ये भेटलेले काका विचारतात, ऐरोलीची आत्तेबहीण फोनवर विचारते: किती लिटरचा बघताय? आणि आपणही दूध केंद्रावर उभे असल्यासारखे सांगतो, ४.२.

त्यातले चार मी सोडून देतो. पण ते दशांश दोन? २०० मिलिलिटर म्हणजे दोन-तीन कटिंग. त्या जागेत नेमकं काय ठेवायचं असतं? लसणीची चटणी? तरीही ४.१ वाला ४.२ वाल्यासमोर जरा दबून असतो. ४.२ वाला ४.५ वाल्याला 'तुम्हाला काय हो, मोठं कुटुंब' असं म्हणून घेतो. आणि ६.५ वाले गणपतीच्या मीटिंगला पहिल्या रांगेत बसतात.

खोक्यावर तक्ताही असतो. दोन माणसांना एवढे लिटर, चार माणसांना तेवढे. हिशेब केला तर माणशी लिटर-सव्वा लिटर पडतो. आजवर आपण पाहुणे ताटांवर मोजले, पंक्तींवर मोजले, फार तर चपात्यांवर मोजले. माणूस लिटरमध्ये कसा मोजायचा याची आपल्याला सवय नाही. सासूबाई आठवडाभर येणार असतील तर त्या किती लिटर धरायच्या? आणि हा प्रश्न घरात मोठ्याने विचारायचा कोणी?

वास्तविक तळणाचं माप आपल्याकडे कधीच ठरलेलं आहे. घाणा. भांड्यांच्या दुकानात बाई कढई उचलते, तळाशी पंजा पसरून टेकवते, क्षणभर डोळे बारीक करते आणि सांगते, 'आठ वडे निघतील एका घाण्यात, ही नको, वरची काढा.' तिथे संपला विषय. दशांश नाही, तक्ता नाही. म्हणून वाशीच्या एका शोरूममध्ये मी त्या पोराला साधा प्रश्न केला, 'एका वेळी कोथिंबीरवड्या किती बसतात?' तो म्हणाला, 'सर, ४.२ लिटर.' म्हटलं, 'ते कळलं. वड्या?' तो म्हणाला, 'सर, फॅमिली साइज आहे.' पोरगा भला होता. त्याने वडी या विषयाचं ट्रेनिंगच घेतलेलं नव्हतं.

मग मी त्या बाईचं तंत्र वापरलं. खण बाहेर ओढला आणि पंजा टेकवला. साधारण वीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद, दहा खोल. गुणाकार केला की चार हजार घनसेंटिमीटर, म्हणजे चार लिटर. लबाडी कुठेच नाही. फक्त एक गोष्ट. या यंत्रात वर कॉइल असते, तिच्या डोक्यावर पंखा असतो आणि तो गरम वारा पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरवतो. थोडक्यात, ही पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा या नावाने लोकांपुढे आली. वारा फिरायचा तर वड्या एकाच थरात, एकमेकींना न चिकटता ठेवाव्या लागतात. एकीवर दुसरी रचली की खालची मऊ राहते. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीतले आठ सेंटिमीटर आपण वारा विकत घेतो. वापरायला मिळतो तो तळ. त्यावर कोथिंबीरवड्या बसतात सोळा. चौघांच्या घरात माणशी चार. पुढच्या पंधरा मिनिटांनी दुसरा घाणा येतो, तोवर पहिल्या घाण्याचा मानकरी हात धुऊन पाम बीच रोडला फिरायला गेलेला असतो.

सांगायचं एक आणि वापरायला द्यायचं दुसरं, ही पद्धत आपल्याला नवी नाही. नवी मुंबईत घर घेतलेल्या प्रत्येकाने ती जन्माची फेडली आहे, हप्त्यांनी. हजार-पन्नासचा टू बीएचके असं सांगून साडेसहाशेच्या घरात आम्हाला सोडून दिलं गेलं. मधले चारशे कुठे गेले म्हणून विचारलं तर उत्तर यायचं: लोडिंग. म्हणजे जिना तुमचा, लिफ्टचा खड्डा तुमचा, लॉबी तुमची, वॉचमनच्या खुर्चीखालची फरशीही थोडी थोडी तुमचीच. सुपर बिल्ट-अप! त्या 'सुपर'मध्ये सुपर काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. आणि तो फ्लॉवर बेड! खिडकीबाहेर फुलझाडांसाठी म्हणून ठेवलेली जागा, जिच्यात आजवर कोणी एक झेंडू लावला नाही. तीच पुढे खोलीत घेतली आणि तिचेही पैसे लावले. २०१६ साली रेरा कायदा आला, कार्पेट एरियावरच विका म्हणाला. कागदावर विकतातही. पण खारघर-उलवेच्या साइट ऑफिसात बसून ऐका, तोंडी अजून 'हजारचा आहे साहेब, मस्त हजारचा' असंच चालतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग बघा, नीट बघा, आपल्याकडचा कोणी त्यावर पाय लांब करून झोपू शकेल का ते. आणि किचन? सात बाय आठच्या त्या खोलीत फ्रिज कुठे ठेवायचा याचा विचार आर्किटेक्टने पुढच्या जन्मावर टाकलेला. जाड पिनचा १६ अँपिअरचा सॉकेट एकुलता एक, तोही नेमका फ्रिजच्या पाठीमागे. पंधराशे वॉटचा फ्रायर लावायचा कुठे? एक्स्टेंशन बोर्डवर? मग वडी भाजायच्या आधी बोर्ड भाजतो. मी चिडत नाहीये. मी फक्त सांगतोय.

तर, ओटा. फ्रायरची पाठ भिंतीला टेकवायची नसते, कारण मागून गरम हवा बाहेर पडते. सगळीकडून मोकळी जागा सोडली की हे यंत्र ओट्याचे सुमारे दोन चौरस फूट धरून बसतं. आमच्याकडे चौरस फुटाचा भाव पाच आकडी आहे. म्हणजे सहा हजारांचं यंत्र वीस हजारांच्या वर किमतीच्या जागेवर बसलं, तेही बिनभाड्याने. आणि त्या दोन चौरस फुटांच्या बदल्यात आत वापरायला तळ मिळतो अर्ध्या चौरस फुटाहून कमी. हे लोडिंग पाहिल्यावर मला आमचा बिल्डर एकदम संत वाटायला लागला. त्याने निदान निम्म्याहून जास्त तरी दिलं होतं.

आता त्या तळावर काय काय होतं? वाफवलेली कोथिंबीरवडी, अळूवडी बरी होते, हे मान्य केलं पाहिजे. पण रीळमध्ये हसरी ताई 'विदाउट ऑइल बटाटावडा' असं म्हणते, तेव्हा ती पुढचा भाग दाखवत नाही. बेसनाचं ओलं पीठ कढईत पडल्या पडल्या तेलाने धरलं जातं, कवच होतं. वाऱ्याला ती ताकद नाही. पीठ जाळीतून खाली ठिबकतं आणि वर उरतो तो उघडाबोडका बटाटा. पापड टाका, तो उडून थेट कॉइलला जाऊन चिकटतो. ओल्या बोंबलाचं नावच काढू नका. दिवाळे गावातल्या कोळणीला हा बेत कळला तर ती विकलेली मासळी परत मागून घेईल.

यात सगळ्यात खुसखुशीत काय होतं माहीत आहे? फ्रोझन फ्राइज. खोक्यावर फोटोही त्यांचाच असतो. का होणार नाहीत? ते गोठवण्याआधी कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात. म्हणजे तळणारा दुसरा, तेल दुसऱ्याचं, पुण्य आपलं. '९० टक्के तेल कमी' ते हेच बहुतेक. कढईतलं उरलेलं तेल आमच्या घरी दुसऱ्या दिवशी फोडणीला जातं, ते या टक्क्यांत कोणत्या बाजूला धरलं आहे, हेही त्या पोराला विचारायचं राहिलं.

सोसायटीतल्या फ्रायरांची पाहणी केली तर बहुतेकांचा उपयोग एकच दिसतो. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून आणलेले वडे थंड होतात, ते त्यात गरम करायचे. १८० डिग्री, चार मिनिटं. वडा पुन्हा कुरकुरीत होतो, घरात तेलाचा एक थेंब वापरलेला नसतो आणि ग्रुपवर फोटो जातो: 'गिल्ट फ्री!' खाली बारा अंगठे. त्यातला एक अंगठा डॉक्टर काकांचा, कारण त्यांचा ६.५ लिटरचा आहे.

तीन-चार महिन्यांत ओट्यावर मिक्सर, पोळपाट आणि फ्रायर यांची हमरीतुमरी सुरू होते. पोळपाट हटत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. मिक्सर चटणीच्या जोरावर तग धरतो. मग एका रविवारी स्टूल येतं, खोकं शोधलं जातं, थर्माकोलचे तुकडे पुन्हा त्याच खाचांत बसवले जातात आणि फ्रायर माळ्यावर जातो. माळा कार्पेट एरियात धरत नाहीत, तेवढेच दोन चौरस फूट सुटले.