दुसरी सही

"आली गो बाई, आली एकदाची!"

"कोण आली?"

"कोण म्हणजे? कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी सून! काल रात्री हीथ्रोवरून घेऊन आले. लग्नाला चार वर्षं उलटली आणि संसाराला मुहूर्त आता लागला."

स्विंडनमधल्या आमच्या गल्लीत बातमीसाठी वर्तमानपत्र लागत नाही, वैनी पुरतात. वैनींचं माहेर डिचोली, सासर सावंतवाडी, पासपोर्ट पोर्तुगालचा. आमच्या दोघींच्या परसांमध्ये सहा फुटी लाकडी कुंपण आहे. मागच्या वादळात त्याची एक फळी निखळली, ती कोणीच बसवून घेतलेली नाही. नवऱ्यांना वाटतं आळस. आम्हाला माहीत आहे, ती फट बुजली तर गल्लीचा कारभार थांबेल.

"पण थोरली तर केव्हाच आली की," मी म्हटलं. "लग्न झालं आणि दोन-तीन महिन्यांत इथे ट्रॉली ढकलताना दिसली मला."

"तीच तर गंमत! दोघे सख्खे भाऊ. दोघांचाही पासपोर्ट पोर्तुगीज. दोघांच्या बायका बार्देशातल्या, दोघींकडे भारताचा पासपोर्ट. थोरली फुकटात आली. धाकटीच्या कागदांना पाच हजार पौंड लागले. कशामुळे? एका सहीमुळे!"

आता हे पोर्तुगीज प्रकरण आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाइकांना काही केल्या उलगडत नाही. गोव्याचा माणूस, घरात गणपती, आणि पोर्तुगीज कसा? तर गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो. आजोबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवायचा, मग वडिलांचा, मग आपला. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेला, ब्रिटन तिथे १९७३ पासून होताच. त्यामुळे म्हापशाचा पोरगा लिस्बनचं विमानतळही न बघता थेट स्विंडनच्या गोदामात कामाला लागू शकत होता. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यावरून घराघरांत रडारड झाली ती निराळीच.

"आणि बायकोला आणायला," वैनी म्हणाल्या, "युरोपचा कायदा होता. नवरा इथे काम करतोय ना? लग्न खरं आहे ना? मग बायकोला फॅमिली परमिट, तेही फुकट. पगार किती हे कोणी विचारत नव्हतं. इंग्रजी येतं का, हेही नाही. नंतर पाच वर्षांचं कार्ड काढलं की पासष्ट पौंड. थोरल्याचं लग्न २०१८चं. त्याने शहाणपणा केला, साखरपुड्याच्या आधीच रजिस्ट्रारकडे जाऊन दोन्ही सह्या उरकल्या."

गोव्यात लग्नाची ही एक रीत आहे. नोंदणी कचेरीत पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा जाहीर करणं. काही दिवसांची मुदत गेली की दुसरी सही. ती झाली की कायद्याने नवरा-बायको. मांडव, मंगलाष्टकं, जेवणावळ पुढे सवडीने.

"मग धाकट्याचं काय अडलं?"

"आई!" वैनींनी मागे वळून आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "थोरल्याच्या वेळी तिला वाटलं, पोरांनी सह्या करून आपला मान घालवला. अक्षता पडायच्या आधी सून कसली? म्हणून धाकट्याच्या वेळी हटून बसली. फेब्रुवारी २०२०ला साखरपुडा, त्याच सुमारास पहिली सही. दुसरी सही मेमध्ये, मुहूर्ताच्या दोन दिवस आधी. मुलगा पहिली सही करून कामावर परत आला. आणि मार्चमध्ये काय झालं, ते सांगायला नको."

लॉकडाऊन. विमानं बंद, कार्यालयं बंद, आणि मुलगा इथे स्विंडनमध्ये गोदामात खोकी उचलतोय. इकडे ब्रिटनचा युरोपशी काडीमोड आधीच झाला होता, ३१ जानेवारी २०२०ला. पण ३१ डिसेंबरपर्यंत सवलतीचा काळ होता. युरोपीय नागरिक तोवर इथे राहत असेल आणि नातंही तोवर जुळलेलं असेल, तर जुना हक्क शाबूत. मग बायको पुढे केव्हाही येऊ शकते. लग्न नंतरचं असेल, तर रांगेत उभं राहायचं, इंग्रजांच्याच नियमाने.

"थोरला कानीकपाळी ओरडत होता," वैनी सांगत होत्या. "शेवटी आईने मान तुकवली. चोवीस डिसेंबरचं तिकीट काढलं पोराने. म्हटलं, उतरतो, रजिस्ट्रारच्या हातापाया पडतो, वर्ष संपायच्या आत सही करतो. आणि बावीस तारखेच्या मध्यरात्रीपासून भारताने ब्रिटनची विमानंच बंद केली! तो विषाणूचा नवा अवतार निघाला होता ना इथे? ती बंदी उठली जानेवारी उजाडल्यावर. लग्न लागलं फेब्रुवारी २०२१ला."

"म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी हुकलं."

"हुकलं म्हणजे हुकलंच. फाईलमध्ये साखरपुड्याचे फोटो लावले. अंगठी, ओटी, शालू, सगळं. पहिल्या सहीची नक्कल लावली. उत्तर आलं, हे लग्न नव्हे. एकत्र राहत होतात का? तर त्याचा पुरावा द्या. आता सांगा, म्हापशाच्या घरात साखरपुडा झालेली मुलगी लग्नाआधी मुलाबरोबर बिऱ्हाड करील? केलं असतं तर आईने जिवंत ठेवलं असतं? सोवळं पाळलं म्हणून बायको परकी ठरली!"

मी चिमट्यांची टोपली खाली ठेवली. गोष्ट आता उभ्याने ऐकण्यासारखी राहिली नव्हती.

मग धाकट्याने दुसरी वाट धरली, जी आम्हा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची पहिल्यापासूनची नेहमीची वाट. जुलै २०१२ पासून इथे नियम असा होता की जोडीदाराला बाहेरच्या देशातून आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई दाखवा. धाकट्याची नोकरी धड नव्हती. जुलै २०२१ला होंडाचा कारखाना बंद झाला आणि गावातल्या गोदामांत कामाला माणसं उदंड झाली. आज ही एजन्सी, उद्या ती. पगाराच्या चिठ्ठ्या कधी चार आठवड्यांच्या, कधी नाहीतच. चिठ्ठ्या जुळवून, फीचे पैसे साठवून तो अर्ज भरायला बसला, तेवढ्यात ११ एप्रिल २०२४ उजाडला आणि रेषा सरकून २९,०००वर गेली.

"दैव देतं नि सरकार नेतं," वैनी म्हणाल्या.

हिशेब साधा आहे. एप्रिल २०२५ला इथे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झालं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एक दिवस खाडा नाही, तरी होत होते २५,४००च्या आसपास. म्हणजे किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला बायको परवडत नाही, असं सरकारचंच म्हणणं. धाकट्याने फोर्कलिफ्टचा परवाना काढला, रात्रपाळी धरली, सणवार सोडले. रेषा ओलांडली, तेव्हा फीचा आकडा पुढे आला. अर्जाचे १,९३८ पौंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा आगाऊ. बेरीज पाच हजारांच्या वर, आणि धाकटीची इंग्रजीची परीक्षा वेगळी.

"थोरली आता धाकटीला कशी वागवेल कोण जाणे," मी म्हटलं.

"थोरली गुणाची आहे हो. पण मला काळजी सासूची. कारण सासूला ठाऊक आहे ना, पाच हजार कोणामुळे गेले! आता ती गावातल्या प्रत्येक मुलीच्या आईला फोन करून सांगते, आधी सह्या करा, मग साखरपुडा. बैल गेला नि झोपा केला."

एवढ्यात आतून वैनींच्या सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या मोबाईलवर कसलासा कोड आला होता. वैनी आत जाऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "आमच्या म्हातारीचं ब्रिटनमधलं राहणं आता माझ्या फोनात. कार्डं बंद झाली ना, सगळं ऑनलाइन. खातं मीच उघडलं, पासवर्ड माझ्याकडे. जरा भांडण झालं की म्हणते, दे माझा पासवर्ड!"

ही सासू-सुनेची जोडी म्हणजे आमच्या गल्लीतलं एक नवल. वैनींचे यजमान सावंतवाडीचे. सावंतवाडी संस्थान पोर्तुगिजांच्या हाताखाली नव्हतं, म्हणून ते भारतीयच. तेही इथे आले ते बायकोच्या पासपोर्टाच्या जोरावर. आणि २००४च्या युरोपीय निर्देशात नुसते नवरा-बायको नव्हते. एकवीस वर्षांखालची किंवा पोसावी लागणारी मुलं होती, आणि आईवडीलही होते, स्वतःचे तसेच जोडीदाराचे. फक्त ते आपल्यावर अवलंबून आहेत हे दाखवायचं. म्हणजे सासूबाईंचा इथे राहण्याचा हक्क सुनेकडून आलेला! २०१५ साली वैनींनी त्यांना आणलं.

"तो कागद आठवतो का?" मी डिवचलं.

"आठवतो म्हणजे! सहा महिने रुसली होती. 'मी सुनेच्या पैशांवर जगते, असं लिहून देऊ? माझी काजूची कलमं आहेत!' मी म्हटलं, आई, कलमांवर बीपीच्या गोळ्या लागतात का? पैसे दर महिन्याला इथूनच जायचे, बँकेच्या पावत्या होत्या. पण खरं असलं तरी कागदावर कोणाला आवडतं? शेवटी ह्यांनी चीनच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली तेव्हा सही केली."

ती गोष्ट खरीच आहे. चीनमधल्या एक निवृत्त बाई, मुलगा स्वीडनमध्ये, सून जर्मन. त्यांना स्वीडनमध्ये राहायचं होतं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि जानेवारी २००७मध्ये निकाल लागला. सुनेने किंवा मुलाने 'आम्ही सांभाळू' असं नुसतं लिहून दिल्याने भागणार नाही, मायदेशी असतानाच खरोखर गरज होती हे दिसलं पाहिजे. पण ते दिसलं, की सासू म्हणजे सुनेच्या कुटुंबातलीच.

माझी आई साताऱ्यात एकटी असते. माझ्या हातात ब्रिटिश पासपोर्ट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. २०१२ पासून ब्रिटिश मुलीला आई आणायची तर आईला अंघोळ, कपडे, स्वयंपाक, ह्यातलं काही स्वतः करता येता कामा नये. आणि ती देखभाल तिथे पैसे टाकूनही मिळत नाही, हेही सिद्ध करायचं. म्हणजे आई अंथरुणाला खिळली पाहिजे आणि आख्ख्या साताऱ्यात कामाला एक बाई मिळता कामा नये. परक्या पोर्तुगीज वैनी सासू आणू शकल्या, मी इथली नागरिक असून जन्मदात्री आणू शकत नाही.

"म्हणून तर मी ब्रिटिश झाले नाही लवकर," वैनी म्हणाल्या. "२०१२ला नियम बदलला होता, ब्रिटिश पासपोर्ट घेतला की युरोपचा हक्क संपला. पुढे २०१७ला एका स्पॅनिश बाईंच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं, इथे येऊन राहिल्यावर नागरिक झालात म्हणून नवऱ्याचा हक्क जात नाही. पण तोवर कोण धोका पत्करणार?"

"आमच्या ओळखीतला तो मुलगा डब्लिनला गेला होता ना," मी म्हटलं. "ब्रिटिश पासपोर्ट, पगार कमी. आयर्लंडमध्ये हॉटेलच्या भटारखान्यात लागला, बायकोला साताऱ्याहून तिथे आणलं, संसार थाटला, मग दोघं मिळून इकडे आले."

"सुरिंदर सिंगची वाट!"

ह्या वाटेला नाव पडलं ते एका भारतीय माणसाच्या खटल्यावरून. बायको ब्रिटिश. दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या, १९८५ला परतले. ७ जुलै १९९२ला लक्झेंबर्गने निकाल दिला की ब्रिटिश माणूस युरोपात काम करून मायदेशी परतला, तर त्याच्या जोडीदाराला निदान युरोपच्या कायद्याइतका तरी हक्क हवा. पुढे जानेवारी २०१४ पासून इथल्या सरकारने अट घातली की नुसती सहल चालणार नाही, संसाराचं केंद्र तिकडे हललेलं दिसलं पाहिजे. म्हणून तो मुलगा घरभाड्याची, विजेची बिलं फाईलला लावत बसायचा.

"बायकोला आपल्या देशात आणायला नवऱ्याने आधी देश सोडायचा," वैनी म्हणाल्या. "कोणत्या शहाण्याला सुचलं असेल?"

"आता तीही वाट बंद. मार्च २०२२ला परतायची मुदत संपली."

"मग आता काय राहिलं?"

"पगार."

"हं." वैनींनी कुंपणावर कोपर टेकलं. "काल डिचोलीहून आत्याचा फोन होता. भाचीसाठी इकडचं स्थळ आलंय. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवाला, म्हणून सगळी हुरळून गेली आहेत. मी म्हटलं, आत्या, आता तो पासपोर्ट बायको आणायला उपयोगाचा नाही. पत्रिका राहू दे, सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागव आधी."

"मग?"

"आत्या म्हणते, असं विचारणं बरं दिसतं का? मी म्हटलं, आत्ये, तू नाही विचारलंस तर इथलं सरकार विचारेल, आणि ते विचारायचे पाच हजार घेईल!"