तारीख सांगा, पैसे सांगा

मार्च महिना लागला की पुण्यामुंबईपासून लातूर-नांदेडपर्यंत काही घरांची झोप उडते. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या शाळांचे प्रवेश याच महिन्यात कळतात. वॉशिंग्टनमधली जॉन्स हॉपकिन्सची साइस, जॉर्जटाउनची स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस, न्यूयॉर्कमधली कोलंबियाची सिपा, बोस्टनजवळची टफ्ट्सची फ्लेचर. अर्ज डिसेंबर-जानेवारीत गेले. शुल्क गेलं, शिफारसपत्रं गेली, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण गेले. त्यानंतर तिकडून चकार शब्द नाही. आईवडील देव पाण्यात बुडवून बसलेत आणि मुलगी तासातासाला अर्जाचं पान उघडतेय. पानावर एकच ओळ: अर्ज विचाराधीन आहे.

या वाट पाहण्याला लोक संयमाची परीक्षा म्हणतात. मला ते मान्य नाही. हा पैशाचा प्रश्न आहे. वाट पाहायला पैसे लागतात आणि ज्याच्याकडे ते कमी, त्याच्याच खिशातून ते जास्त जातात.

एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास शुल्क. म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. पाच ठिकाणी अर्ज केला की चाळीस हजारांच्या वर खर्च झाला, आणि प्रवेश मिळाला नाही तरी त्यातला छदाम परत येत नाही. एवढे पैसे घेऊन अनेक शाळा निकालाची नेमकी तारीखही सांगत नाहीत. ‘मार्चच्या मध्यावर’ म्हणतात. मार्चचा मध्य म्हणजे कोणाचा दहा, कोणाचा पंचवीस. तिकडची घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढं सरकली की न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच. पोरं रोज त्या अडीचपर्यंत जागतात आणि सकाळी नऊला कामावर हजर होतात.

ज्या शाळांची मी नावं घेतली त्या काही ऐऱ्यागैऱ्या नाहीत. जॉर्जटाउनची शाळा पहिल्या महायुद्धानंतर 1919मध्ये निघाली. फ्लेचर 1933ची. साइस दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, 1943मध्ये, पॉल नित्झे आणि ख्रिश्चन हर्टर यांनी उभी केली. सिपा युद्ध संपल्यावर 1946मध्ये. देशादेशांत बोलणी कशी करायची, करार कसा लिहायचा, मुदत कशी पाळायची, हे जगाला शिकवावं लागेल असं त्या काळच्या लोकांना वाटलं म्हणून या संस्था जन्माला आल्या. त्यांनी अर्जदाराशी निदान एक मुदत पाळावी. निकाल अमुक तारखेला लागेल, एवढं एक वाक्य छापावं. हजारभर अर्ज वाचायला वेळ लागतो हे कबूल. पण वेळ लागतो म्हणून तारीख देता येत नाही, हे कबूल नाही. आपली शिक्षण मंडळं लाखो उत्तरपत्रिका तपासून निकालाची तारीख जाहीर करतात.

आता खरं घोडं कुठं पेंड खातंय ते बघू.

माझ्या परिचयातली मराठवाड्यातली एक मुलगी. वडील एसटीत वाहक होते. मुलीनं राज्यशास्त्र केलं, नंतर दुष्काळी गावांत पाण्याच्या कामावर नोकरी केली. नदीच्या पाण्यावरून देश भांडतात तेव्हा काय होतं हे तिला शिकायचं होतं, म्हणून तिनं अर्ज केला. पहाटे पत्र आलं. पहिल्या ओळीत अभिनंदन. दुसऱ्या परिच्छेदात तिच्या निबंधाचं कौतुक. चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं की शिष्यवृत्तीचा निर्णय स्वतंत्रपणे कळवला जाईल. शेवटी जागा राखण्यासाठी अनामत भरायची मुदत आणि ती रक्कम परत मिळणार नाही ही सूचना. मुलगी रडत होती, आई पेढे आणायचं म्हणत होती. वडिलांनी चष्मा लावला, पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, “बाळा, पैशाचं काय लिहिलंय?”

त्या घरात पत्र नीट वाचलं गेलं ते वडिलांकडून. लग्नाची पत्रिका वाटायची आणि मांडवाचा खर्च कोण करणार ते मागाहून कळवतो म्हणायचं, असलाच हा प्रकार. अशा अनेक शाळांचं वार्षिक शुल्क साठ हजार डॉलरच्या घरात आहे. राहणं-खाणं वेगळं. मदत किती मिळणार हे कळल्याशिवाय तो प्रवेश घ्यायचा की नाही हे त्या घराला ठरवताच येत नाही.

आणि नुसतं ठरवणं अडत नाही, पुढचं सगळंच अडतं. अमेरिकेतल्या संस्थेकडून आय-20 नावाचा कागद मिळाल्याशिवाय विद्यार्थी व्हिसाची गाडी हलत नाही. तो कागद हवा तर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. तजवीज दाखवायची तर बँकेचं कर्ज मंजूर हवं. कर्ज किती काढायचं हे शिष्यवृत्ती किती यावर अवलंबून. कर्जाला तारण हवं, तारणाला सातबारा नाहीतर फ्लॅटचे कागद, त्याला वकिलाचा शोध अहवाल. आय-20 हातात आल्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं 350 डॉलरचं सेव्हिस शुल्क, 185 डॉलरचं व्हिसा शुल्क, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळते का ते बघायचं. तिकडच्या कार्यालयात मदतीचं पत्र तीन आठवडे पडून राहिलं की इकडे ही अख्खी साखळी तीन आठवडे पडून राहते.

ज्याच्या बापाच्या खात्यात पैसे तयार आहेत, त्याला यातलं काही जाणवत नाही. तो दोन ठिकाणी अनामत भरतो, जूनमध्ये एक सोडून देतो. शाळेनं उशीर केला तरी त्याचं काही बिघडत नाही. वाहकाच्या मुलीचं मात्र वर्ष जातं. म्हणून मी याला अन्याय म्हणतो.

प्रवेश आणि पैसा एकत्र सांगता येत नाही, असं कोणी म्हणालं तर प्रिन्स्टनकडे बोट दाखवा. तिथल्या सार्वजनिक आणि आंतरराष्ट्रीय धोरणाच्या शाळेत एमपीए या पदव्युत्तर पदवीला घेतलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षणशुल्क संस्थाच भरते. त्यामागे 1961 साली रॉबर्टसन दांपत्यानं दिलेली साडेतीन कोटी डॉलरची देणगी आहे, तीही सरकारी आणि विशेषतः आंतरराष्ट्रीय कामासाठी तरुण घडावेत म्हणून दिलेली. प्रत्येक शाळेला एवढा दाता मिळणार नाही, हे समजू शकतो. पण देणार असाल ते किती, आणि देणार नसाल तर नाही, हे पहिल्याच पत्रात लिहायला देणगी लागत नाही. तेवढी माणुसकी पुरते.

अमेरिकेतल्या पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेचा एक जुना ठराव आहे. आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असं त्यात सह्या करणाऱ्या संस्थांनी मान्य केलंय. ठराव चांगला आहे, पण अर्धा आहे. विद्यार्थ्याला घाई करू नका एवढंच तो सांगतो. दुसरा अर्धा ठराव आता करा: संस्थेनं मदतीचा आकडा 15 मार्चपर्यंत कळवायचाच.

प्रतीक्षायादीचं भिजत घोंगडं तर आणखी वाईट. 15 एप्रिलला जागा रिकाम्या होतात, मग यादी सरकते, कधी मे महिन्यात, कधी जूनमध्ये. ओहायोच्या मुलाला जूनमध्ये निरोप आला तर तो सामान गाडीत टाकून निघू शकतो. जळगावच्या मुलाला जूनमध्ये निरोप येऊन काय उपयोग? 2025 साली मेच्या अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणंच थांबवलं, ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. ज्यांचा प्रवेश मार्चमध्ये पक्का झाला होता त्यांचीही तारांबळ उडाली. परदेशी विद्यार्थ्याला प्रतीक्षायादीत ठेवायचं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात हो किंवा नाही सांगून मोकळं करा.

हाल फक्त आपल्याच मुलांचे आहेत असं नाही. अमेरिकी मुलांना पदव्युत्तर शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतकं सरकारी कर्ज देणारी ग्रॅड प्लस योजना 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी बंद. त्यानंतर अशा पदवीसाठी वर्षाला 20,500 डॉलरची मर्यादा. ज्या दारातून ही मुलं कामाला जायची ते दारही किलकिलं झालंय. परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही संस्था 1 जुलै 2025 ला परराष्ट्र खात्यात विलीन करून संपवली, आणि त्याच महिन्यात परराष्ट्र खात्यानं तेराशेहून जास्त लोकांना घरी पाठवलं. मलेरियापासून शेतीपर्यंत जगभरातल्या कितीतरी संस्था त्या पैशावर चालत होत्या. आपल्या मुलांना तिथंच पहिली नोकरी मिळायची. अशा वर्षी दीड-दोन लाख डॉलरचा निर्णय चार आठवड्यांत घ्या म्हणणाऱ्या शाळेनं गेल्या वर्षीची किती मुलं कुठं लागली, त्यातली परदेशी किती, हेही त्याच पत्रासोबत द्यावं. जुनी झगमगीत माहितीपुस्तिका कोणाच्या कामाची नाही.

आता आपल्या घरात बघू. इथंही काही आनंद नाही.

महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतं. वर्षाला 75 जागा. शुल्क, विमानभाडं, राहण्याचा खर्च, सगळं. योजना उत्तम. पण निवडयादी लागेपर्यंत अनेकदा तिकडचं सत्र तोंडावर आलेलं असतं. त्यात विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200मध्ये हवं, ही अट. ती अख्ख्या विद्यापीठाला लागते. परराष्ट्र व्यवहार शिकवण्यात जॉर्जटाउन आणि टफ्ट्सची फ्लेचर जगात नावाजलेल्या. पण दोन्ही विद्यापीठं त्या दोनशेच्या बाहेर. पॅरिसची सियान्स पोही बाहेर. म्हणजे या विषयातल्या नामांकित शाळेनं मुलीला घेतलं तरी मंत्रालय म्हणणार, बसत नाही. विद्यापीठाच्या एकूण क्रमांकावर अडून बसण्यापेक्षा विषयाचा क्रमांक धरा. ही दुरुस्ती एका शासन निर्णयात होते.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचं 2025 साली काय झालं तेही सांगतो. निवड झाली 106 जणांची. जुलैमध्ये पत्रं निघाली 40 जणांना. बाकीच्यांना सांगण्यात आलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. निवड झालेल्या मुलाला ऐन जुलैत असं सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढायचा.

या राज्याला तरी वेळेवर मिळालेल्या पैशाची किंमत नव्यानं सांगावी लागू नये. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून 1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले. मुदत संपली म्हणून 1917मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडलं, तेही स्वतःची बचत, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर. बाबासाहेबांएवढ्या माणसाचीही तीन वर्षं पैशापायी गेली. ज्या योजनेला शाहू महाराजांचं नाव आहे, तिनं तरी हे जाणावं.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. शाळांनी निकालाची तारीख अर्जावरच छापावी. प्रवेश आणि मदतीचा आकडा एकाच पत्रात द्यावा. नकार द्यायचा तर तोही त्याच दिवशी द्यावा, ताटकळत ठेवू नये. मंत्रालयानं शाहू शिष्यवृत्तीचे अर्ज जानेवारीत मागवावेत, प्रवेशाच्या अटीवर तात्पुरती निवड करावी आणि 10 एप्रिलच्या आत मुलांच्या हातात पत्र द्यावं. बँकांनी शिष्यवृत्तीचं पत्र येईपर्यंत तात्पुरती मंजुरी द्यावी.

नातेवाइकांना एक विनंती. “काय झालं गं तुझ्या अमेरिकेचं?” हा प्रश्न महिनाभर विचारू नका. कळलं की ती सांगेल.

आणि मुलांनो, तुम्हाला. नकार आला तर त्यात तुमची लायकी शोधू नका. एका देशातून किती, एका विषयाला किती, मदत किती शिल्लक, असल्या दहा गोष्टी त्या पत्रामागे असतात आणि त्यातली एकही तुमच्या हातात नसते. होकार आला आणि पैशाचं काही लिहिलं नसेल, तर भीड बाळगू नका. प्रवेश कार्यालयाला आजच ईमेल पाठवा. मदतीचा निर्णय कोणत्या तारखेला होणार ते विचारा. तोपर्यंत अनामतीची मुदत वाढवून मागा. दुसऱ्या शाळेनं जास्त दिलं असेल तर ते पत्र जोडून आणखी मागा. मागणाऱ्यांना अनेकदा मिळतं, आणि नाही मिळालं तरी मागितलं म्हणून दिलेला प्रवेश कोणी काढून घेत नाही. वाटाघाटी शिकायला निघालात ना? पहिली वाटाघाट ही. ती तुमच्या घरच्या पैशासाठी आहे. ठामपणे करा.