अनुभवराव

प्रत्येक मराठी वस्तीत एक तहहयात अध्यक्ष असतो, एक नाटकवेडा असतो आणि नेलेला दिवाळी अंक कधीही परत न करणारा एक वाचनप्रेमी असतो. हैदराबादच्या जामबागेत हे तिघे आहेतच, शिवाय अनुभवराव आहेत. हे नाव बारशाचं नाही, लोकांनी ठेवलेलं. पन्नाशी उलटलेली, झब्ब्याला कडक इस्त्री, खिशाला पेन आणि काखेत एक लांबट वही. विवेकवर्धिनी शाळेच्या फाटकापासून फुलवाल्यांपर्यंत चालत गेले, तरी वाटेत दोघातिघांना अडवून सांगतात, "अहो, काल एक झकास चूक झाली!"

पूर्वी ते असे नव्हते. पूर्वी त्यांच्या हातून चूकच होत नसे. दूध उतू गेलं तर पातेलं लहान, बस चुकली तर ड्रायव्हर उतावळा. मग भाच्यानं त्यांना हायटेक सिटीतल्या एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला नेलं. तिथल्या कोटवाल्या वक्त्यानं सांगितलं, चुका लपवू नका, त्यांना आपलंसं करा, माणूस त्यांतूनच मोठा होतो. अनुभवरावांना हे फार पटलं. आता प्रत्येक चूक त्यांचीच असते. निस्तरायची तेवढी दुसऱ्यानं.

आपल्या घराण्याचा इतिहासही त्यांनी नव्यानं मांडला आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेतले कितीतरी मराठी नोकरदार तिकडे गेले. अनुभवरावांच्या आजोबांनाही जायचं होतं म्हणे, पण अर्जाची मुदत त्यांच्या लक्षातच राहिली नाही. "आम्ही जामबागेत आहोत ते एका चुकीमुळे," असं ते पाहुण्यांना छाती काढून सांगतात. त्यावर आतून काकूंचा आवाज येतो, "आणि ती अजून चालूच आहे."

पुतण्याच्या मुंजीच्या पत्रिका छापून आणायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. मुहूर्त सकाळी 10 वाजून 52 मिनिटांचा, पत्रिकेत पडलं 'सायंकाळी'. सकाळी मंडपात बटू, गुरुजी आणि आचारी. सायंकाळी दोनशे पाहुणे अक्षता घेऊन हजर, आणि बटू दमून झोपलेला. थोरल्या भावाला दुसऱ्यांदा स्वयंपाक करवून घ्यावा लागला. आचारी दुप्पट पैसे मोजून घेत होता तेव्हा अनुभवराव शेजारी उभे राहून म्हणाले, "दादा, प्रुफं तपासण्याचं महत्त्व आज मला खऱ्या अर्थानं कळलं." दादा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून ते औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही दोनदा वाचतात आणि गल्लीतली कुठलीही पत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही.

मग त्यांनी ट्रूप बझारातून वायर आणली आणि घरच्या इन्व्हर्टरची जोडणी स्वतःच करायला घेतली. चारही मजल्यांवर अंधार झाला. अनुभवरावांनी त्या अंधारातच जिन्यावर उभं राहून अपयशाचे फायदे समजावून सांगितले. ऐकायला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची शाळकरी पोरगी मेणबत्ती घेऊन फ्यूज बघायला गेली. आज इमारतीतलं विजेचं लहानसहान काम तीच करते.

पण त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे सासूबाईंना स्टेशनवरून आणणं. सासूबाई सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं नामपल्लीला उतरल्या, हे सिकंदराबादला ताटकळत उभे. घरी आल्यावर वहीत लाल शाईनं लिहिलं, 'धडा : नामपल्ली.' पुढच्या वेळी सासूबाई नांदेडच्या लेकीकडून आल्या आणि काचीगुड्याला उतरल्या. अनुभवराव वेळेआधी अर्धा तास, हातात हार घेऊन, नामपल्लीला. धडा त्यांनी किती पक्का केला होता! काचीगुडाही घरापासून फार लांब नाही, पण तो वहीत नव्हता. म्हातारीनं शेवटी स्वतःच रिक्षा ठरवली. आता त्या एकट्या येतात, "ज्यादा नक्को बोलो मियां, जामबाग कित्ते लेते?" असा भाव करतात आणि घरी पोचून फोन लावतात, "जावईबापू, तुम्ही असाल तिथून सावकाश या."

गणेश मंडळानं त्यांना एक वर्ष खजिनदार केलं. माणूस सचोटीचा, पैशाची अफरातफर शक्यच नाही. फक्त वर्गणी आणि घरखर्च एकाच खिशात. विसर्जनानंतर हिशेब जुळेना, तेव्हा त्यांनी सभेत उठून अशी मोकळी कबुली दिली की दोन सभासदांनी टाळ्या वाजवल्या. तूट मात्र कार्यकारिणीनं भरली. तेव्हापासून मंडळात दोन सह्यांशिवाय रुपया हलत नाही आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागतो.

एकदा त्यांच्या शाळेतले जुने सर भेटले. विवेकवर्धिनी 1907 सालची, तिथं आयुष्यभर शिकवलेला माणूस. अनुभवरावांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "सर, माणूस काय, शहरंसुद्धा ठेचा खाऊनच मोठी होतात. आपली मुसी नदीच घ्या."

सरांनी चष्मा पुसला. "घेऊ या. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला पूर आला. हजारो माणसं गेली. इथून जवळच, अफझलगंजच्या बाजूला, घरंच्या घरं वाहून गेली. मग काय झालं, ठाऊक आहे?"

"शहर शिकलं, सर."

"शहरानं विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पाण्याचा हिशेब मांडला, वरच्या अंगाला धरणं बांधा म्हणाले. 1920 ला उस्मानसागर झाला, 1927 ला हिमायतसागर. गंडीपेटचं पाणी म्हणून आपण ज्याची फुशारकी मारतो, ते त्या उस्मानसागरचं. पुराची नुसती नोंद ठेवली असती तर शहराकडे एक सुंदर वही असती आणि दुसरा पूर आला असता. अरे, तू काय बांधलंस?"

अनुभवराव क्षणभर गप्प झाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "सर, हीसुद्धा माझी चूकच की!" असं म्हणून त्यांनी तिथंच, सरांच्या पाठीचा आधार घेऊन, ती लिहून काढली.

त्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांचे उपकारही मोजायला हवेत. त्यांच्यामुळे दादा चोख झाले, एक पोरगी वीज शिकली, सासूबाई निर्धास्त झाल्या, मंडळाचे हिशेब स्वच्छ झाले. जामबागेचा एवढा व्यक्तिमत्त्व विकास कुठल्याही कोटवाल्या वक्त्याला जमला नसता. विकास झाला नाही तो एकट्या अनुभवरावांचा, आणि त्याचं कारण सरळ आहे. आचाऱ्याचे पैसे दादांनी दिले, रिक्षाचे सासूबाईंनी, तूट कार्यकारिणीनं भरली. ज्यानं भुर्दंड सोसला, तो शिकला. अनुभवरावांच्या वाट्याला फक्त कबुली आली आणि कबुलीला काही खर्च येत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीचे अनुभवराव पुढच्या वेळी 'झकास चूक झाली' म्हणत आले, तर त्यांची वही वाचायला घेऊ नका. झालेल्या खर्चाचं बिल त्यांच्या हातात द्या. शहाणे झाले तर तेवढ्यानंच होतील.