पायाळू यंत्र

गुप्तधन शोधायला आपल्याकडे पूर्वी पायाळू माणूस लागायचा. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचा हंडा त्याला लख्ख दिसतो, असा समज. खणल्यावर मोहरांऐवजी कोळसे निघाले, तर दोष खणणाऱ्याच्या नशिबाचा. पायाळूची अब्रू शाबूत.

मेटल डिटेक्टरला ही पळवाट नाही. तो पडद्यावर सरळ आकडा देऊन मोकळा होतो: लोखंडी खिळ्याला खालचा, चांदीच्या नाण्याला वरचा. नाणं चार बोटं खाली असेल तर त्याचा तोरा बघावा. थाळी डावीकडून फिरवा, उजवीकडून फिरवा, आकडा तोच आणि आवाज खणखणीत. तेच नाणं वीतभर खाली गेलं की त्याच यंत्राची बोबडी वळते. एका फेरीत चांदी, दुसरीत शीतपेयाच्या डब्याची कडी, तिसरीत खिळा. आणखी खाली गेलं की आकडा गायब, उरते नुसती कुजबुज.

यात त्याचा दोष थोडाच. थाळीतून निघालेलं चुंबकीय क्षेत्र खाली जाता जाता झपाट्यानं दुबळं होतं. त्यानं नाण्यात विजेचे भोवरे उठतात, पण त्यांचं उत्तरही परतताना तसंच विरतं. अंतर दुप्पट झालं की संदेशाचा ढोबळमानानं चौसष्टावा हिस्सा हाती लागतो. धातूची ओळख पटते ती हे उत्तर किती मागे पडलं यावरून, आणि नेमकी तिथे माती मध्ये बोलते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, त्याच्या मातीत ही बडबड भलतीच वाढते. लग्नाच्या वरातीत बँड ऐन भरात असताना लांबून कुणी हाक मारावी, तशी नाण्याची गत. कुणीतरी बोलावतंय एवढं कळतं. मामा की मावशी, ते कळत नाही.

खोली सांगणारा काटा तर आणखी भाबडा. खाली आहे ते नाण्याएवढंच, असं धरून तो बोलतो. हातभर खाली पुरलेला पत्र्याचा डबा त्याच्या लेखी वीतभर खालचं नाणं.

साक्षात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची मात्राही इथे चालली नाही. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे अडकली ते कळेना, म्हणून टेलिफोनवाले बेल आपलं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये हजर झाले. जुन्या सैनिकांच्या अंगात राहिलेल्या गोळ्या या यंत्रानं हेरल्या होत्या. अध्यक्षांपाशी मात्र त्याला काही उमगेना. एक तर बिछान्यात पोलादी तारा होत्या. त्यात उपचार करणाऱ्या डॉ. ब्लिस यांनी गोळी उजवीकडेच आहे असं ठरवून टाकलेलं, त्यामुळे शोध तेवढ्याच बाजूला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे, चांगली खोल, स्वादुपिंडाच्या मागे. यंत्र निदान गोंधळलं तरी होतं. डॉक्टरसाहेब शेवटपर्यंत ठाम होते.

म्हणून डिटेक्टर घेऊन नाणी शोधण्याच्या छंदात मुरलेली मंडळी आकड्याला फार डोक्यावर चढवत नाहीत. काटकोनात फिरून पुन्हा थाळी फिरवायची. तरी आकडा उड्या मारत असेल तर वरची चार बोटं माती काढून पुन्हा विचारायचं. अंतर घटलं की यंत्राला कंठ फुटतो. शहाणपण असं की, खोलातली कुजबुज असेल तर आकडा खिळ्याचा आला तरी खणून बघावं.

मात्र कुदळ जपून, आणि संरक्षित किल्ल्यावर तर नकोच. कुठेही जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाचा आकडा तेव्हापासून तोच आहे.