टेबलाला सुट्टी, झाडूला ड्युटी

महापरिनिर्वाण दिनासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरातल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांना स्थानिक सुट्टी दिली. ६ डिसेंबर, वार शुक्रवार. पाच दिवसांच्या आठवड्यात शुक्रवारची सुट्टी म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. अभिवादनाला लोणावळा किती सोयीचं!

२०२५ मध्ये हीच तारीख शनिवारी आली. २०२६ मध्ये रविवारी.

सरकारची कृतज्ञता आता कॅलेंडरच भागवतंय.

नायगावात या आणि विचारा, ६ डिसेंबरला सुट्टी कोणाला? पोलीस वसाहतीतला शिपाई शिवाजी पार्कच्या बंदोबस्तावर. सफाई कामगार चैत्यभूमीच्या रस्त्यावर. लाखोंची गर्दी येते, तेव्हा कोणीतरी झाडायला लागणारच. ते कोणीतरी दरवर्षी कोणत्या वस्तीतून येतं, हे मात्र विचारायचं नाही.

सुट्टी ज्यांच्या मुक्तिदात्याची, ड्युटी त्यांचीच.

याच नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. ३१ मे १९३६ रोजी बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण इथेच केलं. वार रविवार. गिरणगावाला ही रविवारची सुट्टी दिली कोणी? सरकारने? छे! जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे १८९० मध्ये गिरणीमालक नमले.

मिळवायची कामगाराने, परिपत्रक काढायचं साहेबाने.

तिकडे अमेरिकेत तरी काय वेगळं? टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या गुलामांना आपण मोकळे झालो हे १९ जून १८६५ रोजी कळलं. संघराज्याच्या सरकारी नोकरांना त्या दिवसाची सुट्टी मिळाली २०२१ मध्ये. गुलामी मोडायला एक युद्ध पुरलं, सुट्टी मंजूर व्हायला १५६ वर्षं लागली. फाइल तिकडेही चालतच येते.

जोतिराव फुल्यांना मात्र एवढा धीर नव्हता. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या सज्जनांना. वॉशिंग्टनच्या १४८ वर्षं आधी पुण्याने दखल घेतली होती.

मग आपल्याकडची गुलामी कधी संपली? तारीख सांगा पाहू.

महार वतन आठवतं? वतनदार महार म्हणजे सरकारचा चोवीस तासांचा नोकर. सांगावा आला की निघायचं, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. साप्ताहिक सुट्टी नाही, रजा नाही, पगार नावापुरता. मालक कोण? खुद्द सरकार! या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. सरकारला आपलाच फुकटचा नोकर सोडवेना.

अखेर कनिष्ठ गावकामगारांची वतनं नष्ट करणारा कायदा अमलात आला तो १ ऑगस्ट १९५९ रोजी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी.

१ ऑगस्ट म्हटलं की टिळक आठवतात, अण्णाभाऊ आठवतात. वेठ सुटली ती तारीख कोणाला आठवते? महसूल खातं हा दिवस दरवर्षी साजरा करतं, नाही असं नाही. पण महसूल दिन म्हणून.

मालकाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, झालं.

आणि वेठ खरंच सुटली? मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. निकाल लागला २०१७ मध्ये. जे आजही कंत्राटावर आहेत, त्यांना सुट्टीचं काय सांगता? रोजंदारीवाल्याच्या सुट्टीला खाडा म्हणतात. खाड्याचे पैसे कापतात.

पगारी सुट्टीचा कायदा १९४५ मध्ये मजूरमंत्री म्हणून कोणी पुढे नेला, ठाऊक आहे ना? बाबासाहेबांनीच. त्यांच्या नावाची पगारी सुट्टी टेबलाला, आणि झाडूला बिनपगारी!

म्हणून सरकारला आणि महापालिकेला एकच सांगणं. सुट्ट्यांच्या यादीत आणखी एक तारीख घुसवू नका, पुतळ्याला आणखी एक हार नको. ६ डिसेंबरला जो कंत्राटी कामगार दादरचे रस्ते झाडतो, त्याला ७ डिसेंबरची पगारी सुट्टी द्या. आधी त्याला, मग लोणावळ्याला.